शून्याचं टोक

परक्या देशात पाऊल ठेवल्यावर चौथ्याच दिवशी मोजणीदारीणबाईंचा उजवा गुडघा रुसला, आणि तोही भर रस्त्यात. लेक कामावर जाताना सांगून गेली होती, "घरात बसून कंटाळू नका. मागे मोठी बाग आहे, पंधरा मिनिटांवर." ती लेकीची पंधरा मिनिटं होती. नवरा-बायको अर्धा तास चालले तरी बाग काही येईना. एका वळणावर बाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"अहो, आता एक पाऊल पुढे टाकणार नाही. मला कुठेतरी बसवा."

मोजणीदारांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्ता कसा धुऊन पुसून ठेवल्यासारखा. दुकानांच्या काचा जमिनीपर्यंत. पायरी नाही, ओटा नाही, साधा दगड नाही. शेवटी बाई फुटपाथच्या कडेवर बसल्या आणि नवे कोरे बूट त्यांनी गटाराच्या जाळीवर टेकवले. येणारे-जाणारे वळून बघू लागले. एका गृहस्थाने वाकून काहीतरी विचारलंही. बाईंनी त्याच्याकडे बघून हसून मान डोलावली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "छान! चाळीस वर्षं संसार केला, आणि आता विमानात घालून आणून रस्त्यावर बसवलंत."

बोलणं थट्टेचं होतं, पण मोजणीदारांना ते लागलं.

अडतीस वर्षं त्यांनी सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या होत्या. कचेरीत त्यांना सगळे मागून 'इंच' म्हणत. "साहेब आलेत का?" असं कोणी विचारलं, तर शिपाई सांगायचा, "साहेब नाहीत, पण इंच आलाय." कारण एका इंचाचा फरक पडला तरी हा माणूस भर उन्हात अर्धा मैल मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून मोजत येई. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते कागदावर लिहायचं नाही, एवढा एकच नियम त्यांनी जन्मभर पाळला. त्या नियमाने त्यांना नाव मिळालं, माणसं मात्र मिळाली नाहीत. मोजणी संपली की दोन बाजूंपैकी एक तरी तोंड फिरवून जायची. दुसरी खूश असली तरी उगाच संशय नको म्हणून मोजणीदार तिच्या घरचा चहा घेत नसत. असं करता करता निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे ओळखी ढीगभर होत्या, आणि दोस्त एकही नव्हता. बाई म्हणायच्या, "आमच्याकडे सणावाराला येतं कोण, तर पोस्टमन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शेकत बसल्या असताना मोजणीदार एकटेच बाहेर पडले. खिशात टेप होती. चामड्याच्या गोल डबीतली, तीस मीटरची. सामान भरताना बाईंनी विचारलं होतं, "ही कशाला?" तर म्हणाले होते, "असू दे." आता ती कामाला आली. टेपने बाकाची उंची एकट्याला मोजता येते. लांबचं अंतर मात्र येत नाही, त्याला दोन माणसं लागतात. एकाने शून्याचं टोक जमिनीवर दाबून धरायचं, दुसऱ्याने टेप ताणून आकडा वाचायचा. शून्य कोणीही धरावं, आकडा वाचणार तो मोजणीदारच, असा त्यांच्या खात्यातला शिरस्ता. इथे शून्य धरायला कोणी नव्हतं, म्हणून अंतर ते पावलांनी मोजत आणि मग मीटर करत. त्यांचं पाऊल बहात्तर सेंटिमीटरचं होतं. तिशीत होतं तेवढंच साठीनंतरही.

आठवड्याभरात वही भरली. कोणत्या रस्त्याला कोणतं बाक, घरापासून किती, दोन बाकांमध्ये किती. मग ते बायकोला घेऊन निघाले ते एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, टप्प्याटप्प्याने, आणि नवव्या बाकावर बाईंच्या समोर ती बाग होती.

"आलो की!" बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण परत येताना वही त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवली.

लेकीने ती वही पाहिली आणि हसत सुटली. मग हसायची थांबली. म्हणाली, "बाबा, हे मी ब्लॉगवर घालते. आईला फोनवर कुठेही बघता येईल."

"ब्लॉग म्हणजे?"

"वहीच. पण भिंतीवर लावलेली."

"मग कोणीही वाचेल."

"बाकांचं कोण वाचतंय, बाबा!"

ब्लॉगला लेकीने नाव दिलं 'बसायला जागा'. दर मंगळवारी एक बाक. मोजणीदार लिहायचे ते असं: "बाक क्रमांक बारा. ट्रामच्या थांब्यामागे. लाकडी, पाठ आहे, दोन्ही हात आहेत. बैठक जमिनीपासून सेहेचाळीस सेंटिमीटर. ऊन सकाळी अकरापर्यंत. स्वच्छतागृह समोरच्या वाचनालयात, कोणी काही विचारत नाही. कबुतरं आहेत." यापेक्षा एक शब्द जास्त नाही. पहिले दोन महिने वाचणारे चार: बाई, लेक, जावई आणि ते स्वतः.

मग एका मंगळवारी खाली कोणीतरी लिहिलं, "काका, 'हात असलेलं बाक' वाचून खूप हसले. मग लक्षात आलं, हात नसतील तर म्हातारं माणूस उठणार कसं? मी इथे नर्स आहे. आमच्या वॉर्डातल्या सगळ्या खुर्च्या आज बघून आले." मोजणीदारांनी ते तीनदा वाचलं. त्यांच्या आकड्यावर भांडण सोडून दुसरं काही झालेलं ते पहिल्यांदाच बघत होते.

नर्सच्या मागोमाग एकेक जण येत गेले. एका मालवाहू जहाजावरचा आचारी आला: "आमचं जहाज दीड-दोन महिन्यांनी इथे लागतं, दोन दिवसांसाठी. बंदराच्या फाटकाबाहेर बसायला काही आहे का, काका? खास काही नको. पाय जमिनीवर टेकवून बसायचंय, न हलणाऱ्या जमिनीवर." एक भटकी मुलगी आली. पाठीवर बोचकं टाकून देशोदेशी हिंडायची आणि 'शिडी' या नावाने लिहायची. आणि एक आजी आल्या, पिवळ्या इमारतीतल्या. त्या फोनमध्ये बोलायच्या, फोन ते लिहून घ्यायचा. "आज बारा नंबरला बसले. बरं वाटलं." दर आठवड्याला एवढंच, फक्त नंबर बदलायचा.

हळूहळू बाकांच्या नोंदींखाली बाकांखेरीज सगळं येऊ लागलं. एकीने सदतीस नंबरवर बसून आईला नोकरी लागल्याची बातमी सांगितली. एकाचा दातांचा डॉक्टर एकविसाच्या समोर निघाला. कोणाला खोली हवी होती, कोणाला आपल्या भाषेत दोन मिनिटं कुरकुर करायला माणूस हवं होतं. मोजणीदार उत्तर कोणालाच देत नसत. काय लिहावं ते सुचत नसे. पण वाचत सगळं.

एकदा ते बारा नंबरवरून चालले होते, तर बाकावर दोन बायका. दोघींच्या हातात फोन, दोघींच्या फोनवर तेच पान. एकीने दुसरीचा फोन पाहिला आणि विचारलं, "तुम्हीपण बाककाकांच्या का?"

"अय्या! तुम्हीपण?"

"कसे असतील हो ते? मला वाटतं उंचेपुरे, मिशीवाले."

साडेपाच फुटांचे, बिनमिशीचे बाककाका लगबगीने ट्रामच्या खांबामागे गेले. तिथे ते चांगली दहा मिनिटं उभे राहिले. दोघी बोलत होत्या, हसत होत्या, मग एकीने पिशवीतला डबा काढून दुसरीपुढे धरला. घरी आल्यावर त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पण बाई म्हणाल्या, "काय हो, आज कबुतरासारखी छाती काढून आलात?"

"काही नाही. बारा नंबरचं बाक चांगलं आहे."

चूक झाली ती बावन्नाव्या बाकाला.

त्या आठवड्यात मोजणीदारांना सणकून सर्दी झाली. बाहेर बोचरा वारा, आणि दाराशी बाई पहाऱ्याला. मंगळवार तोंडावर आला. वाचणारे आता दोनशेच्या वर गेले होते. सोमवारीच लोक लिहायला लागले, "उद्या मंगळवार, काका!" आणि नेमका त्याच दिवशी शिडीचा निरोप आला. "काका, कालव्याकाठी एक झकास बाक सापडलं. लोखंडी पुलापासून शाळेच्या बाजूला वळायचं, एकशे वीस पावलं. पाठ, हात, सगळं आहे. समोर बदकं."

मोजणीदारांच्या मनात पाल चुकचुकली. पण अंग तापलं होतं, आणि खरं सांगायचं तर दोनशे माणसं वाट बघतात याची थोडी चटकही लागली होती. त्यांनी नोंद जशीच्या तशी उतरवली आणि लेकीला दिली. मीटर केले नाहीत.

शुक्रवारी खाली एक नवीन माणूस लिहून गेला. "माझी आई तुमचा ब्लॉग वाचते. पिवळ्या इमारतीत राहते, वय एक्क्याऐंशी. काल ती तुमच्या भरवशावर एकटी कालव्यावर गेली. एकशे वीस पावलं मोजली. बाक नव्हतं. मागे फिरली, दमली म्हणून काठावरच्या दगडावर टेकली, उठताना पडली. मनगट मुरगळलं. एकच विचारायचंय. ते बाक तुम्ही स्वतः पाहिलं होतं का?"

पिवळ्या इमारतीतल्या आजींचा तो मुलगा.

मोजणीदारांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. अडतीस वर्षांत त्यांना लोकांनी काय काय विचारलं होतं, पण हा प्रश्न विचारायची वेळ कोणावर आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर्दी-खोकला बाजूला ठेवून ते टेप घेऊन निघाले, तर बाई आधीच बूट घालून दारात उभ्या.

"तू कशाला?"

"टेपला दोन माणसं लागतात ना? गेली चाळीस वर्षं ऐकतेय."

लोखंडी पुलापासून मोजणीदार आपल्या पावलांनी निघाले. शंभर, एकशे दहा, एकशे वीस. बाक नाही. समोर कालव्याचं वळण आणि दाट झुडूप. ते आणखी थोडे पुढे गेले, झुडपाला वळसा घातला, आणि तिथे बाक होतं. पाठ होती, हात होते. समोर बदकंही होती. क्षणभरच त्यांना हायसं वाटलं. बाक होतंच. म्हणजे बिचाऱ्या आजी असलेल्या बाकाच्या अलीकडूनच मागे फिरल्या.

"पावलं कोणाची, ते मी विचारलंच नाही," ते म्हणाले. "लहान मुलालाही सुचेल. मला सुचलं नाही."

बाईंनी शून्याचं टोक पुलाच्या खांबाशी धरलं. मोजणीदार टेप उलगडत गेले. तीस मीटर झाले की बाईंनी पुढे यायचं, खूण केलेल्या जागी पुन्हा शून्य धरायचं.

"हलवू नकोस!"

"नाही हलवत! वाराच हलवतोय!"

"अंगठ्याने दाब. खाली, जमिनीला."

"अहो, बाक मोजायला निघालो आणि गुडघेदुखीवालीला वाकवून ठेवलंय. हेसुद्धा लिहा तुमच्या ब्लॉगवर." मग तिसऱ्या टप्प्याला, टेप धरल्या धरल्या त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं उन्हात हेच करायचात होय? मला वाटायचं, तुम्ही नुसतं लिहीत असाल."

तीन टप्पे आणि वर सहा मीटर. शहाण्णव. मोजणीदारांनी तिथूनच शिडीला निरोप पाठवला: तुझी उंची किती? उत्तर लगेच आलं. "सहा फूट, काका! घरी शिडी म्हणतात ते उगीच नाही. का हो?"

घरी येऊन त्यांनी कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: "बाक क्रमांक बावन्नची नोंद मी न पाहता केली. त्यामुळे एका वृद्ध बाईंना इजा झाली. माझ्या आकड्यावर आता कोणी विसंबू नये. ही वही आजपासून बंद." कागद लेकीपुढे ठेवला.

लेकीने वाचला आणि आईकडे सरकवला. आईने वाचला, नीट घडी घातली.

"हद्द चुकली, तर नोकरीत काय करायचात तुम्ही?"

"तशी कधी चुकली नाही."

"एकदा चुकली होती. लेक पोटात होती तेव्हा. विसरलात?"

मोजणीदार विसरले नव्हते. सात इंचांची चूक होती.

"तेव्हा कचेरीतून कागद पाठवलात?"

"नाही. त्यांच्या दारात गेलो."

"मग बूट घाला."

लेकीने आजींच्या मुलाला विचारून घेतलं. एका ओळीचं उत्तर आलं, "यायचं तर रविवारी अकराला या."

पिवळ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते मुलानेच. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. त्याने तोंड उघडायच्या आत मोजणीदार बोलले. पायपुसण्यावर उभे राहून, कोटाची बटणंही न काढता: "ते बाक मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याचं ऐकून लिहिलं. चूक माझी आहे, सगळी."

मुलगा चांगला भांडायच्या तयारीने दाराशी आला होता. आता भांडायला काही उरलंच नव्हतं. तो नुसता दाराची कडी धरून उभा राहिला. आतून आवाज आला, "अरे, दारातच काय ठेवलंस त्यांना? बसायला जागा दे!"

आजी खिडकीशी खुर्चीत होत्या. चणीने चिमणीएवढ्या. डाव्या मनगटाला पट्टी.

"आजी, मला माफ करा."

"आजी? वय काय तुमचं?"

"एकोणसत्तर."

"मग बारा वर्षांनी मोठी मी. ताई म्हणा. आणि हातातल्या त्या घडी घातलेल्या कागदावर काय आहे?"

मोजणीदारांनी कागद मुलाच्या हातात दिला. त्याने मोठ्याने वाचला. 'बंद' या शब्दाशी तो जरा अडखळला.

"फाड तो," ताई म्हणाल्या.

"ताई, माझ्या भरवशावर तुम्ही पडलात."

"पडले ती माझ्या गुडघ्यांनी. आणि तुमच्या भरवशावर मी खाली उतरले, ते कोण सांगणार? याला विचारा. सात महिने मी या खिडकीत होते. हा कामावर गेला की खिडकी, आला की स्वयंपाकघर. उतरायची भीती नव्हती हो, दमल्यावर कुठे टेकू, ही भीती होती. तुमच्या बारा नंबरला मी पहिल्यांदा बसले ना, त्या दिवशी या देशात आले मी." त्यांनी श्वास घेतला. "चुकलं काय ते आधी मला समजावा. एकशे वीस मोजली होती मी. एकही कमी नाही."

"तुमची मोजणी बरोबर होती. पावलं दुसरीची होती."

"कोणाची?"

"सहा फूट उंच मुलीची. घरी तिला शिडी म्हणतात."

ताईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांकडे, आणि अशा हसल्या की पट्टीचा हात दुसऱ्या हाताने धरावा लागला. "म्हणजे मी शिडीच्या ढांगा टाकायला हव्या होत्या होय! मग आता माझी मोजा की. काढा ती टेप. खिशात फुगलेली दिसतेय मघापासून."

बैठकीतून दारापर्यंत लांब बोळ होता. ताई चालणार, मोजणीदार आकडा वाचणार. शून्य धरायला राहिला मुलगा. तो भिंतीशी गुडघ्यांवर बसला आणि टेपचं टोक आईच्या टाचेशी दाबून धरलं. ताई पाच पावलं चालल्या.

"ही खेप मोजायची नाही," मोजणीदार म्हणाले. "पहिल्यांदा माणूस दाखवायला चालतो. पुन्हा."

"बघ, किती पक्का आहे!" ताई मुलाला म्हणाल्या, पण खूश दिसल्या.

पुढच्या तीन खेपांना आकडा तोच आला. पाच पावलांना दोन मीटर दहा. म्हणजे एक पाऊल बेचाळीस सेंटिमीटरचं.

मुलगा अजून जमिनीवरच होता. दोन सपातांच्या मधल्या त्या जागेकडे बघत होता. "एवढंच?" तो म्हणाला. "मी हिच्याबरोबर जातो तेव्हा दर वेळी पुढे जाऊन थांबतो. मला वाटायचं, रेंगाळते."

मग ताई म्हणाल्या, "ऊठ आता, चहा टाक. तीन कप."

आणि मोजणीदारांनी आयुष्यात पहिल्यांदा, मोजणी झालेल्या घरचा चहा घेतला.

त्या मंगळवारी ब्लॉगवर आलं: "बाक क्रमांक बावन्न. दुरुस्ती. लोखंडी पुलापासून शहाण्णव मीटर, वळणापलीकडे, झुडपाआड. ताईंची पावलं दोनशे एकोणतीस. मध्ये टेकायला काही नाही, गुडघा दुखत असेल तर जाऊ नये. ही नोंद मी आधी न पाहता केली होती आणि तिच्यामुळे ताई पडल्या. यापुढे एकट्याने पाहिलेलं बाक इथे येणार नाही. माझंसुद्धा. एकाने शून्य धरायचं, एकाने वाचायचं, दोघांनी कळवायचं. अंतर मीटरमध्ये, आणि ताईंच्या पावलांत."

त्यांना वाटलं होतं, आता लोक ओसरतील. दोन माणसं जमवून बाक मोजायला कोणाला वेळ आहे? पण संध्याकाळपर्यंत खाली रांग लागली. नर्सने लिहिलं, "शून्य धरायला मी येते, सुट्टी गुरुवारची." दुसऱ्या गावच्या एका बाईंनी लिहिलं की तिथे आपलं माणूस कोणी आहे का, टेप त्यांच्याकडे आहे, दुसरा हात नाही. तासाभरात दुसरा हात मिळाला, आणि तो त्यांच्याच रस्त्यावर राहत होता. शिडीने कुठल्या तिसऱ्याच देशातून लिहिलं, "काका, आधी रडले, मग हसले. माझं पाऊल ऐंशीचं आहे, आज मोजलं. इथे बागेत एका बाईंना खुणा करून टेप धरायला लावली. तर त्या आपलीच भाषा बोलायला लागल्या!" आणि आचाऱ्याने लिहिलं, "जहाज एकोणीस तारखेला लागतंय. फाटकाबाहेरचं बाक तुम्ही अजून दिलेलं नाही. माझं शून्य राखून ठेवा."

एकोणीस तारखेला बंदराच्या फाटकाशी अकरा माणसं जमली. लेक आणि जावई होते, नर्स होती, बारा नंबरवरच्या त्या दोघी होत्या, आणखी दोघं जण. ताई मुलाच्या हाताला धरून आल्या. तो पुढे नव्हता, बरोबर त्यांच्या शेजारी होता. आचारी फाटकातून बाहेर आला, जाड, टकलू, आणि त्याने सगळ्यांकडे पाहून विचारलं, "यातले बाककाका कोणते?"

या वेळी लपायला खांब नव्हता. मोजणीदारांनी हात थोडासा वर केला.

"मिशी नाही?" बारा नंबरवाली म्हणाली. सगळे हसले, आणि मोजणीदारांचे कान लाल झाले.

बाक रस्त्यापलीकडे दिसत होतं. समुद्राकडे तोंड करून, एकटंच. नर्सने टेपची डबी मोजणीदारांपुढे धरली. "काका, तुम्ही वाचा."

मोजणीदारांनी डबी घेतली. जरा थांबले, आणि ती बायकोच्या हातात दिली. "तू वाच."

"मी? चष्मा—"

"आहे तुझ्या डोक्यावर."

आणि आचाऱ्याला बरोबर घेऊन ते स्वतः फाटकाच्या खांबाशी गुडघ्यांवर बसले. दोघांनी मिळून शून्याचं टोक दगडावर दाबलं, अंगठ्याला अंगठा लावून. बाई टेप उलगडत निघाल्या, हळूहळू, गुडघा सांभाळत. एक मालट्रक त्यांच्यासाठी थांबला. पलीकडे जाऊन त्यांनी टेप ताणली, वाकून पाहिलं, आणि गर्दीच्या डोक्यावरून हाक दिली, "एकोणतीस... साठ!"

नीट बघ, खूण कुठल्या कडेची आहे, हे शब्द मोजणीदारांच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले. खिशातून वही काढली आणि तिथेच गुडघ्यावर ठेवून लिहिलं: एकोणतीस मीटर साठ. उठून पाहायला गेले नाहीत.

मग ताई म्हणाल्या, "मीटर झाले. आता माझी पावलं." त्या निघाल्या, मोठ्याने मोजत. कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळेच त्यांच्याबरोबर निघाले, त्यांच्याच पावलाने. अकरा माणसं बेचाळीस-बेचाळीस सेंटिमीटर टाकत, बंदराचा तो रुंद रस्ता ओलांडत होती. ट्रकवाला हात स्टिअरिंगवर ठेवून बघत राहिला. "अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर... आणि जरासं," ताई म्हणाल्या.

"सत्तर आणि अर्धं," मोजणीदारांनी मनातला हिशोब सांगितला, आणि ताईंनी मुलाच्या पाठीवर थाप मारली.

बाकावर पहिल्यांदा बसवलं आचाऱ्याला. त्याने दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकवले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"नाही हलत," तो म्हणाला.

बाई येऊन नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या. "आता तुम्हीपण बसा जरा. किती वेळ उभे आहात."

"थांब, उंची राहिली." मोजणीदार टेप घेऊन वाकले. उंची एकट्याने मोजता येते, त्याला दुसरं माणूस लागत नाही. पण त्यांनी टेप खाली सोडली, तर तिचं टोक ताईंच्या मुलाने आधीच जमिनीला लावून धरलं होतं.